माझा पाय आणि माईंचा सांधा

तुम्ही कधी आपल्या सासूला लाथ मारली आहे का?

नाही ना? मी मारली आहे. एकदा नाही, चांगले तीन महिने. दर रविवारी आणि दर बुधवारी, सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, मनात त्यांच्याविषयी नितांत आदर ठेवून.

थांबा, कप खाली ठेवू नका! आधी सगळं ऐकून घ्या, मग माझ्याबद्दल काय ते ठरवा. माझी फजिती घरात पुष्कळदा झाली आहे, पण दवाखान्यात, डॉक्टर, नर्स आणि बाकांवर बसलेल्या पंचवीसतीस बायकांसमोर झाली ती ही एकच.

मी मूळची धारची. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इंदुरात आले, सराफ्यामागच्या एका गल्लीत. मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. ह्यांच्या कचेरीच्या पाटीवर खोडलेलं 'मध्य भारत' अजून रंगाखालून दिसायचं, आणि राजधानी भोपाळला गेली म्हणून गल्लीतली म्हातारी मंडळी रोज सकाळी पोह्यांबरोबर हळहळायची.

लग्नाच्या चौथ्या दिवशी शेजारच्या गेंदाबाईंना उसण भरली. पाठ धरून, वाकड्या होऊन आमच्या दारात आल्या. माझ्या सासूबाई, त्यांना सगळी गल्ली माई म्हणायची, त्यांना एकदम काहीतरी आठवलं. मला म्हणाल्या, "अगं, बोलणी चालली होती तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, धारच्या मुलींतली एक पायाळू आहे म्हणून. ती तूच ना?"

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण पळते, असं आपल्याकडे म्हणतात. तर पायाळू होती माझी थोरली बहीण शांता. मी शहाण्या मुलीसारखी डोक्याकडूनच आले होते. पण निघताना आईने बजावलं होतं, "पहिले आठ दिवस सासरी काही विचारलं तर मान खाली घालायची आणि हो म्हणायचं."

मी मान खाली घातली आणि हो म्हटलं.

झालं! गेंदाबाईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी उजव्या पायाची टाच त्यांच्या पाठीला तीनदा लावली. माईंनी वर नियम सांगितला, "आता तीन दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही." चौथ्या दिवशी गेंदाबाई ताठ चालत जिलबीचा पुडा घेऊन हजर. "बऊ रा पग में तो जादू हे!" म्हणजे सुनेच्या पायात जादू आहे.

आता तुम्हीच सांगा, साधी उसण चार दिवसांत कोणाची जात नाही? पण त्यानंतर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते, की अहो, जादूचा पाय धारला राहिला, हा दुसराच आला?

पाच वर्षं गेली. माझा पाय इतका नावाजला की विचारू नका. छत्रीबागेकडून लोक यायचे, जुन्या इंदूरहून यायचे. पुरुषमाणूस आलं तर माई आणि गेंदाबाई मध्ये अंतरपाटासारखी चादर धरायच्या आणि चादरीखालून माझा पाय जायचा. एकदा एक हवालदार आला. पट्टा, टोपी, सगळं लावून भिंतीकडे तोंड करून उभा! सरकारी गणवेशाला लाथ मारावी की नाही, या विचाराने मला घाम फुटला. तोच म्हणाला, "मारो बेन, डरो मत, मैं लिखित में नहीं लूँगा."

आता माईंबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

माई लहान बाळांना न्हाऊ घालायच्या. गल्लीत बाळ जन्मलं की दुसरं कोणी त्याला पाणी लावायचं नाही. पाटावर बसून, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून पाय लांब पसरायच्या आणि त्या पायांवर बाळाला पालथं घ्यायच्या. तेल, डाळीचं पीठ, मग ऊन ऊन पाणी, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हाताचा आडोसा. बाळ रडायचं नाही. रडायची ती बाळाची आई, आपल्याला हे असं कधी जमायचं म्हणून. नंतर त्याच बाळंतिणीचं पोट सुती पट्ट्याने बांधून द्यायच्या. मी शेजारी तांब्या घेऊन उभी राहायची आणि नुसती बघत बसायची. इतके हलके हात मी पुन्हा कोणाचे पाहिले नाहीत.

त्या दिवाळीत माई मोरीत घसरल्या आणि उजव्या अंगावर आपटल्या. मोडलं काही नाही, पण तेव्हापासून दुखणं लागलं ते लागलंच. जागा मोठी विचित्र. कमरेतही नाही आणि मांडीतही नाही, दोन्हींच्या मध्ये, उजवीकडे. कुशीवर वळल्या की कळ. पाटावरून उठल्या की कळ. जिना चढताना उजवा पाय आधी टाकला की कळ. विळीवर भाजी चिरून उठायच्या तेव्हा भिंतीला धरून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहायच्या.

आणि नेमकी माझी नणंद कुसुम पहिल्या बाळंतपणाला उज्जैनहून यायची होती.

माईंना एवढीच चिंता. "गल्लीभरची पोरं न्हाऊ घातली मी, आणि माझ्या कुसुमचं बाळ दुसऱ्याच्या पायांवर जाणार?" असं म्हणायच्या.

मग एका रविवारी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "लाव गं पाय."

मी म्हटलं, "माई, तुम्हाला? मी? नको हो, पाप लागेल!"

"पाप मला लागू दे, तू पाय लाव."

लावला. काही झालं नाही. बुधवारी पुन्हा लावला. काही नाही. कुसुम आली, तिला सातवा सरून आठवा लागला, तरी आमचं रविवार-बुधवार चालूच. मला तर ठाऊकच होतं ना, की या पायात काही नाही! गुण येत नाही तो माझ्या खोटेपणामुळे, असंच मला वाटायचं. आणि माई मात्र गल्लीत सांगत सुटायच्या, "सुनेचा पाय गुणी आहे हो, माझं दुखणंच हट्टी."

ते ऐकून मला रडू यायचं. मग त्या म्हणायच्या, "रडतेस काय? हळू लावतेस, म्हणून गुण येत नाही. जरा जोरात मार!"

मी जोरात मारू लागले. देवा, क्षमा कर.

एका रविवारी माई म्हणाल्या, "आज उंबरठ्यापासून दोन पावलं धावत ये." मी डोळे मिटले, शांताचं नाव घेतलं, आणि धावत आले. टाच नेमकी त्या दुखऱ्या जागी बसली. माई "आई गं!" म्हणून भिंतीला चिकटल्या त्या तिथेच. उजवा पाय पुढे टाकवेना. मी आणि कुसुमने धरून खाटेवर नेलं. त्या दिवशी स्वयंपाकात मीठ घालायचंही मला सुचलं नाही.

तीन दिवसांनी, म्हणजे बुधवारी, कुसुमला तपासायला जनाना दवाखान्यात न्यायचं होतं. माई दोन्ही हातांनी भिंत धरत उठल्या. "मी येणार. पहिलटकरीण आहे, तिला एकटी सोडणार नाही." टांगा आला. माई, कुसुम, मी, आणि टांगेवाल्याशेजारी हे. गेंदाबाईही चढल्या. त्यांचं काही काम नव्हतं, पण टांग्यात जागा दिसली की गेंदाबाई चढायच्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई लखनौकडच्या. पांढरी साडी, बारीक चष्मा, बोलणं कमी. इंदुरात येऊन त्यांना सहाच महिने झाले होते. कुसुमला तपासून झालं, सगळं ठीक होतं. पण त्यांचं लक्ष माईंकडे. माई दारातून आत आल्या तेवढ्या चार पावलांत बाईंनी सगळं पाहिलं होतं.

"माँजी, आप लेटिए. आपको भी देखती हूँ."

माई लाजल्या. पण पडद्याआड दुसऱ्या टेबलावर पालथ्या झोपल्या. बाईंनी पाठीवरचं लुगडं जरा सरकवलं. आणि थांबल्या.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, आणि माझेच डोळे पांढरे झाले. माईंच्या उजव्या बाजूला हिरवे, निळे, पिवळे डाग. नव्यावर जुना, जुन्यावर नवा. आणि प्रत्येकाचा आकार टाचेचा!

बाईंचा आवाज बदलला. "ये किसने किया?"

"मेरी सूनबाई ने," माई अभिमानाने म्हणाल्या. "हर इतवार और बुधवार."

"मारती है?"

"बहुत अच्छा मारती है! पहले बेचारी हळू मारती थी. मैंने ही बोला, जोर से मार."

नर्स चालत येऊन दाराशी उभी राहिली. म्हणजे मी पळू नये म्हणून! बाईंनी माईंचा हात हातात घेतला. "माँजी, डरिए मत. यहाँ आपको कोई कुछ नहीं कहेगा. सच बताइए."

"मैं क्यों डरूँ? डर तो उसको लगता है. मारते मारते रोती है."

"और आज? आज बुधवार है."

"आज रह गया," माई हळहळल्या. "टांगा जल्दी आ गया ना. अब घर जाके."

बाई माझ्याकडे वळल्या. त्या नजरेने मी माझी मॅट्रिकची गुणपत्रिकासुद्धा विसरले. "पढ़ी-लिखी लगती हैं आप."

"जी, मॅट्रिक."

"और ये कहाँ सीखा?"

मी घाबरून, गल्लीत पाच वर्षं सगळ्यांना देत आले तेच उत्तर दिलं. "जी, सीखा नहीं. ये तो जन्म से होता है."

"जन्म से मारती हैं?"

अहो, काय सांगावं! मी उजवा पाय साडीच्या काठाखाली लपवतेय, आणि सगळ्यांची नजर नेमकी तिथेच. बाईंनी ह्यांना आत बोलावलं. "आपकी पत्नी आपकी माँ को मारती हैं. आपको मालूम है?"

आमचे हे सरळ माणूस. कचेरीत साहेबाने विचारलं तर जसं उभं राहून उत्तर देतात, तसे उभे राहिले आणि म्हणाले, "जी, मालूम है. इतवार को चटाई मैं ही बिछाता हूँ."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या.

अजून संपलं नाही. पडदा बाजूला झाला आणि गेंदाबाईंचं डोकं आत आलं. माझी बाजू घ्यायला आल्या होत्या बिचाऱ्या! "डागदरनी बाई, इनी बऊ ने तो म्हारे भी मारी थी! तीन दन में घणो आराम!" आणि बाहेरच्या बाकांकडे तोंड करून त्यांनी आणखी दहा जणांची नावं सांगितली. हवालदारासकट.

बाहेर कुजबुज सुरू झाली. एक बाई विचारत होती, "बेन, सोमवार को भी मारती है क्या? बुधवार को मेरे यहाँ पानी नहीं आता."

"पूरा मोहल्ला?" डॉक्टरीणबाई इतकंच म्हणाल्या.

माझा बांध फुटला. पाच वर्षांचं ओझं! मी हात जोडले आणि रडत रडत सगळं कबूल केलं. "मैं झूठ बोली! मैं पायाळू नहीं हूँ! वो मेरी बहन है, मैं नहीं!"

आता तुम्हीच बघा, माझ्यावर आरोप कोणता आणि मी कबूल करतेय काय! बाईंना पायाळू शब्दच ठाऊक नव्हता. त्या नर्सला म्हणाल्या, "इनकी एक बहन भी है. वो भी मारती है, लिखो."

तेवढ्यात टेबलावरून विचित्र आवाज आला. कुसुम. आठव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी धरून इतकी हसत होती की टेबल खडखड वाजत होतं. शेवटी तिनेच डोळे पुसत बाईंना सगळं नीट समजावलं. पायाळू म्हणजे काय, उसण म्हणजे काय, लाथ म्हणजे औषध कसं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मला त्यांचं हेच फार मोठं वाटतं. त्या जागी दुसरं कोणी असतं तर आम्हाला अडाणी म्हणून मोकळं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "लात के बाद मरीज़ क्या करता है?"

मी नाक पुसत म्हटलं, "तीन दिन कुछ नहीं उठाता. झुकता नहीं. माई का नियम है."

"तो आराम लात से नहीं, माई के नियम से होता है." मग माईंकडे वळल्या. "आपने लिया तीन दिन आराम?"

"मैं?" माई चकित झाल्या. "मैं कैसे लूँ? घर में काम होता है."

मग बाई कामाला लागल्या, आणि तसं तपासणं मी तोवर पाहिलं नव्हतं. आधी म्हणाल्या, "हाथ मत फिराइए. एक उँगली से बताइए, कहाँ." माईंनी संकोचत एक बोट मागे नेलं आणि कमरेखाली उजवीकडे खळी असते ना, बरोबर तिथे टेकवलं. दुसऱ्यांदा विचारलं, बोट तिथेच. मग उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. "पिंडली तक बिजली जैसा दर्द जाता है?" नाही, पोटरीपर्यंत कळ जात नव्हती. "पैर सुन्न होता है?" नाही. म्हणजे नस दबलेली नव्हती. मग उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून उजवा गुडघा हळूच बाहेर दाबला. माई ओरडल्या, "तिथेच! तिथेच!"

"मिल गया," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्या सांध्याचं नाव कागदावर लिहून दिलं, सॅक्रोइलियाक. मला ते वाचायलाच दोन दिवस लागले. पण समजावलं मात्र असं की गेंदाबाईंनाही कळलं. कणा खाली जिथे संपतो तिथे एक तिकोनी हाड असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना खुब्याची मोठी हाडं. ती जिथे जुळतात ते हे दोन सांधे, एक डावा, एक उजवा. हलतात अगदी जरासे, पण अंगाचं सगळं ओझं इथूनच पायांत उतरतं. त्या म्हणाल्या, गर्भारपणात हे सांधे सैल होतात, म्हणून या दवाखान्यात मी हे दुखणं रोज बघते. माईंचा सांधा पडल्यामुळे दुखावला होता. शिवाय जन्मभर मूल नेहमी उजव्याच कडेवर, विळीवर बसणं नेहमी एकच गुडघा उभा करून. सगळा भार एका बाजूला.

"और उस पर..." बाई माझ्या पायाकडे बघून थांबल्या. भली बाई!

माई विचार करत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे दाराची एक बिजागरी ढिली झाली, की सगळं दार फरशीवर घासतं, तसं?"

ह्यांनी हिंदीत सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. "बिल्कुल यही! माँजी, मैं अब सबको यही बताऊँगी."

इलाज असा. थोडे दिवस दुखणं कमी करायच्या गोळ्या. गरम शेक. खाटेला खिळून पडायचं नाही, थोडं थोडं चालायचं, पण ओझं नाही, जमिनीवर बसणं नाही. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जोडून एकदम वळायचं. दुखणं उतरलं की उताणं झोपून, गुडघे उभे करून, कंबर हळूच वर उचलायची, दहापर्यंत मोजायचं. रोज. आणि खुब्यांभोवती रुंद पट्टा. "पेट पर नहीं, इससे नीचे," असं म्हणून बाई पट्टा बांधून दाखवू लागल्या. माईंनी दोन क्षण पाहिलं आणि राहवेना.

"असा सुटतो तो. इकडे द्या." आणि बाळंतिणीला बांधतात तसा वळसा देऊन, गाठ बाजूला घेऊन, स्वतःच बांधला.

बाईंनी गाठ ओढून पाहिली. "ये मुझे सिखाइए," त्या म्हणाल्या. खरंच म्हणाल्या! आणि माईंनी तिथेच नर्सच्या कमरेभोवती बांधून शिकवलंही. दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या, आणि मी दोघींकडे.

निघताना माईंनी धीर करून विचारलं, "बेटी के बच्चे को नहला सकूँगी?"

"नियम से रहेंगी तो हाँ. पीठ दीवार से टिका के, पट्टा बाँध के. पानी कोई और देगा, और उठते वक्त दो लोग हाथ देंगे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "और आप. सिर्फ हाथ. पैर नहीं."

टांगा निघाला. राजवाडा मागे गेला तशी मी हळूच म्हटलं, "माई, मला क्षमा करा. तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवली."

माई समोर बघत होत्या. "त्या आठवड्यात मी आणखी काय काय विचारलं होतं गं तुला?"

"पुरणपोळी येते का, म्हणून."

"आणि?"

"त्यालाही मान हलवली होती."

"ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं," माई म्हणाल्या. "आणखी?"

"शिवण येतं का, म्हणून."

टांग्याचा घोडा बिचकला, इतक्या मोठ्याने माई हसल्या. मग "आई गं" करून त्यांनी उजवी बाजू धरली, आणि हसणं आवरत म्हणाल्या, "पुरे. हसलं की तिथे दुखतं."

पुढचे दीड महिने मी घरात कायदा लावला. चौरंगाशिवाय माईंनी बसायचं नाही. विळी मी ताब्यात घेतली. माई "मीठ" म्हणाल्या तरी बरणी मी उचलायची. सकाळ-संध्याकाळ त्या कंबर उचलायच्या आणि मी मोजायची. त्या म्हणायच्या, "सातानंतर तू मुद्दाम हळू मोजतेस." मोजतच होते! पहिल्या आठवड्यात कंबर तीनदाच उचलता आली. मग पाचदा. मग एका रात्री माई झोपेत कुशीवर वळल्या आणि त्यांना जागच आली नाही. मला ते ह्यांनी सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. तुम्ही म्हणाल, झोपलेल्या बाईला जाग आली नाही यात रडण्यासारखं काय? दिवाळीपासून त्या घरात रोज रात्री ती कळ ऐकलेल्या माणसाला विचारा.

आणि गल्लीत मी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं. मी पायाळू नाही, उसण भरली तर तीन दिवस आराम करा, आठ दिवसांत गेली नाही, पाय बधिर झाला, ताप आला, तर सरळ डॉक्टर गाठा. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक आहे सूनबाई, पण एकदा पाय लावायला काय हरकत आहे?" कोणाकोणाला पुरणार!

कुसुमला मुलगी झाली. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा संध्याकाळ होती. माईंनी नातीला मांडीवर घेतलं, खूप वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि मग मला विचारलं, "जमेल ना गं मला?" जिने गल्लीभरच्या आयांना धीर दिला, ती बाई मला विचारत होती. मी म्हटलं, "माई, तुम्ही फक्त बसा. बाकी सगळं आमच्यावर." आणि मग सगळ्या घराला ओळीने उभं करून मी डॉक्टरीणबाईंचे नियम पाठ म्हणून घेतले. ओझं उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं, ओझं पोटाशी धरायचं. ह्यांच्याकडून तर मी दोनदा करून घेतलं, रिकाम्या बादलीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी भिंतीला टेकून, पाय पसरून, नातीला न्हाऊ घातलं आणि लेकाचा-लेकीचा हात धरून त्या सरळ उठल्या. मी पाण्याचा भरलेला हंडा कमरेतून वाकून उचलला, उसण भरून मोरीतच बसले, आणि दहा वाजता टांगा आला तो माझ्यासाठी.